मेट्रनची हद्द

लष्करी रुग्णालयात परिचर्येचे सर्वांत वरचे पद प्रिन्सिपल मेट्रनचे. पुण्याच्या सदर्न कमांड हॉस्पिटलसारख्या मोठ्या रुग्णालयात ते ब्रिगेडियर हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे असते. हा अधिकारी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा, म्हणजे महिलाच असतो. महाराष्ट्र शासनाच्या रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी उतरंड आहे. लष्करात ती लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंत चढते. ‘अधिसेविका’ हा शब्द कागदावर येऊन बरीच वर्षे झाली, पण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो की पुण्याच्या छावणीत, तोंडात शब्द ‘मेट्रन’ हाच आहे.

मेट्रनच्या कामाचे वर्णन ‘परिचारिकांवर देखरेख’ असे केले जाते, ते अपुरे आहे. डॉक्टर राउंडला येतो, बघतो, लिहून देतो आणि जातो. रुग्णाजवळ चोवीस तास असते ती परिचर्या. ती पाळ्यांमध्ये तुटते आणि ओव्हर, म्हणजे पाळीची सूत्रे, देता-घेताना पुन्हा सांधावी लागते. रुग्णालयातल्या पुष्कळ चुका या सांध्यातच होतात. रात्रीच्या सिस्टरने सांगितले नाही, सकाळच्या सिस्टरने विचारले नाही, आणि दुपारपर्यंत औषधाचा एक डोस चुकलेला असतो. कोणत्या वॉर्डात किती हात हवेत, नवख्या परिचारिकेबरोबर रात्री कोणाला ठेवायचे, ओव्हर उभ्या उभ्या टेबलापाशी घ्यायचा की प्रत्येक खाटेपाशी जाऊन, हे ठरवणे हे मेट्रनचे खरे काम. त्याच्या जोडीला निर्जंतुकीकरण, साठा, विद्यार्थिनींचे शिक्षण आणि युद्धकाळात ऐनवेळी वाढवाव्या लागणाऱ्या खाटांची तयारीही आलीच.

हे पद लष्करात आले ते सैनिक मरत होते म्हणून. आणि मरत होते ते गोळीने कमी, रोगाने जास्त. भारतातील ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली आला. त्यात हजारी ६९ हा वार्षिक मृत्युदर होता आणि त्यामागे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी इंग्लंडमध्ये बसून केलेली आकड्यांची मेहनत होती. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. त्यांच्या परंपरेतल्या दहा प्रशिक्षित परिचारिका २८ मार्च १८८८ रोजी मुंबई बंदरात उतरल्या. या पहिल्या सेवेच्या प्रमुखांपैकी कॅथरीन लॉक यांचे पद ‘लेडी सुपरिंटेंडंट’ असे होते. तेव्हा त्यांना ना हुद्दा होता, ना खांद्यावर पट्ट्या. १ ऑक्टोबर १९२६ रोजी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस सैन्याचा कायम भाग झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या अध्यादेशाने, परिचारिका कमिशनप्राप्त अधिकारी झाल्या. २७ ऑगस्ट १९७६ रोजी गर्ट्रूड अली राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत हा हुद्दा मिळवणारी पहिली स्त्री डॉक्टर किंवा वैमानिक नव्हती, परिचारिका होती, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

पण त्या दिवशी गाठलेली पायरी ही शेवटचीही पायरी ठरली. परिचर्येतून येणारी अधिकारी आजही मेजर जनरलच्या पुढे जात नाही. डॉक्टर माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्या आर्मी मेडिकल कोअरच्या होत्या, परिचर्येच्या नव्हे. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजचे (एएफएमसी) नर्सिंग कॉलेज १९६४ पासून चालू आहे. एएफएमसीसह देशातल्या सहा लष्करी नर्सिंग महाविद्यालयांत मिळून बी.एस्सी. नर्सिंगच्या २२० जागा भरतात. एवढ्या मोठ्या, चार वर्षे शिकून आलेल्या दलाचे शिखर दुसऱ्या शाखेच्या शिखरापेक्षा एक पायरी खाली ठेवलेले आहे.

शिखर बुटके होते आणि शिडीही अरुंद होती. १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार लग्न हे परिचारिका अधिकाऱ्याला सेवेतून काढण्याचे कारण होऊ शकत होते. हा आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. १९८८ साली लग्नामुळे सेवा संपवण्यात आलेल्या एका लेफ्टनंटला साठ लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तेव्हा घटना घडून छत्तीस वर्षे झाली होती. हा अन्याय एका बाईपुरता मोजला जातो, पण त्याची दुसरीही बाजू आहे. अनुभवी परिचारिका ज्या वयात वॉर्डाची सूत्रे घेण्याजोगी होते, नेमक्या त्याच वयात तिला संसार किंवा नोकरी यांतले एक निवडायला लावले, तर वीस वर्षांनी प्रिन्सिपल मेट्रन निवडण्यासाठी उरतात किती जणी? त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला आणखी एक गोष्ट सांगावी लागली, ती ही की मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मुक्त झालेली अधिकारी ‘माजी सैनिक’ म्हणून राज्याच्या भरतीतील सवलतीला पात्र आहे. जिने जन्मभर माजी सैनिकांचे मलमपट्टीपासून सगळे केले, ती स्वतः माजी सैनिक आहे की नाही यावर खटला चालावा, यात विनोद आहे आणि तो फारसा हसवणारा नाही.

हुद्द्यापेक्षा अधिकाराचा प्रश्न अवघड आहे. लष्करी रुग्णालयाचा कमांडंट डॉक्टर असतो. वॉर्डात मेट्रनच्या सूचनेनुसार काम करणारे नर्सिंग असिस्टंट हे आर्मी मेडिकल कोअरचे जवान असतात, त्यामुळे त्यांची रजा, बदली आणि शिस्त वेगळ्या वाटेने चालते. मंजूर पदे दिल्लीत ठरतात आणि रुग्ण भरती करण्याचा निर्णय डॉक्टरांचा. म्हणजे खाटेवरच्या रुग्णाचे काही बिघडले तर जाब मेट्रनला, पण खाटा किती भरायच्या आणि त्यांच्यासाठी किती हात मिळणार, हे दोन्ही तिच्या मुठीबाहेर.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कोणत्याही फाउंड्रीत ही रचना चालणार नाही. इथे ओतलेल्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. पुण्याच्या किंवा चेन्नईच्या गिऱ्हाइकाकडे यंत्रावर चढवताना त्या कास्टिंगमध्ये पोकळी सापडली, तर त्या नंबरावरून मागे जाता येते: कोणती पाळी, कोणती भट्टी, धातूचे तापमान काय, वाळूत ओल किती. आणि क्वालिटीवाल्याला शंका आली तर तो उभा राहून माल थांबवतो. मालक कितीही घाईत असला तरी ट्रक सुटत नाही. रुग्णाच्या पाठीला झालेली शय्याव्रणाची जखम ही परिचर्येतली अशीच पोकळी. कोणत्या पाळीत कूस बदलली नाही, त्या पाळीला किती जणी होत्या, हे मागे जाऊन शोधता येते आणि चांगल्या मेट्रन ते शोधतातही. पण ‘आज या वॉर्डात एवढ्या जणींवर आणखी सहा रुग्ण घेणार नाही’ असे म्हणून ट्रक थांबवण्याचा अधिकार तिच्याजवळ नाही.

हा अधिकार मागणे म्हणजे मानापमानाचा हट्ट नव्हे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील नऊ देशांतील रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका असे आहे. कागदावरचे हे प्रमाण वॉर्डात किती उतरते, हे कोणत्याही सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता गेलेल्या नातेवाइकाला सांगावे लागत नाही. म्हणून परिचारिकांची संख्या ही आस्थापनेची नव्हे, उपचाराचीच बाब आहे आणि तिच्यावर बोलण्याचा पहिला हक्क परिचर्येच्या प्रमुखाचा.

अधिकार देताना एक धोकाही पत्करावा लागतो. ब्रिटनमध्ये १९६६ च्या सॅल्मन समितीने जुनी मेट्रन मोडीत काढून परिचर्येची व्यवस्थापकीय श्रेणी उभी केली. परिचारिका वर चढल्या, बैठकांना बसू लागल्या आणि वॉर्डात दिसेनाशा झाल्या. १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालानंतर सर्वसाधारण व्यवस्थापक आले आणि बैठकीतली ती खुर्चीही पुष्कळ ठिकाणी गेली. शेवटी २००१ मध्ये लोकांच्या मागणीवरून ‘मॉडर्न मेट्रन’ या नावाने तेच पद परत आणावे लागले. भारतीय लष्कराने मेट्रन हे नाव कधी सोडलेच नाही. तो परंपरेचा हट्ट असेल, पण फायद्याचा ठरला. मेट्रन वॉर्डात फिरते, ही अपेक्षा त्या नावाबरोबर टिकून राहिली. नवे अधिकार द्यायचे ते या फिरण्याच्या बदल्यात नव्हे, फिरण्यासकट.

इथवरचा विचार रुग्णालयाच्या भिंतींच्या आतला झाला. माजी सैनिकांच्या बाबतीत भिंतींच्या आतले काम हा छोटा भाग आहे, आणि मेट्रनच्या पदाची मोठी उणीव तिथेच आहे.

कण्याला इजा झालेल्या जवानाचे उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. खडकीच्या लष्करी रुग्णालयात अशा रुग्णांवर खास उपचार होतात आणि खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. सुरुवातीच्या दिवसांत अशा रुग्णाला वळवायचे तर चौघे लागतात. एक जण फक्त डोके आणि मान धरतो आणि हुकूमही तोच देतो. ‘तीन’ म्हटल्यावर खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, लाकडाच्या ओंडक्यासारखे फिरतात. मग सिस्टर माकडहाडावरच्या लाल डागावर बोट दाबते. बोट उचलल्यावर कातडी क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही लालच राहिली, तर जखम सुरू झाली आहे, वरून कातडी शाबूत असली तरी. हे दर दोन तासांनी. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते. लघवीची नळी मुडपली किंवा तुंबली की रुग्णाचा रक्तदाब एकदम भडकतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. अशा वेळी गोळी शोधत बसण्याआधी त्याला उठवून बसवायचे, कपडे सैल करायचे आणि नळी तपासायची. यातले काहीच डॉक्टर करत नाही. हे ज्ञान परिचर्येचे आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या मेट्रनच्या हाताखालून पुढे जाते.

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात कण्याजवळ गोळी लागून कमरेखाली अधू झाले. मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांची कथा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण अधू शरीर पाण्यात उतरण्याजोगे ठेवावे लागते, पाठीवर एक व्रण असला तरी तलाव बंद होतो, ही त्या कथेतली परिचर्येची बाजू कोणी सांगत नाही.

पेठहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की तासाभरात पुलाची शिरोली येते. (बाहेरचे लोक हिला हटकून शिरोळ समजतात. शिरोळ निराळे, पूर्वेकडचे तालुक्याचे गाव. त्या तालुक्यातली सैनिक टाकळी तर गावाच्या नावातच फौज घेऊन बसली आहे.) कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात घरटी कोणीतरी ‘मिलिट्रीत’ असते आणि पंधरा-सतरा वर्षांनी ‘पेन्शनवर’ येते. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस चाळिशीच्या आतबाहेर परततो, म्हणून त्याला दुसरी नोकरी लागते. कारखान्याच्या गेटवरचे सिक्युरिटीचे काम ही त्या पिढीची ठरलेली दुसरी नोकरी. रात्रपाळी, उभे राहणे, भट्टीकडून येणारी धूळ, चहा-बिस्किटांवर निघणारी रात्र. त्यात मधुमेह, तोफखान्यात असताना मंद झालेले कान, गुडघे. पायाला बूट चावून झालेली जखम सहा आठवडे भरत नाही, तेव्हा तो माणूस कुठे जातो?

शिरोलीच्या माजी सैनिकाला लष्करी रुग्णालय दोन दिशांना आहे: दक्षिणेला बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटर, उत्तरेला पुणे सव्वादोनशेच्या पुढे. कोल्हापुरात आहे ते ईसीएचएसचे पॉलिक्लिनिक. माजी सैनिकांसाठीची ही अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली आणि तिने मोठी सोय केली, हे मान्य करावे लागते. औषधे मिळतात, पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. पॉलिक्लिनिकचा प्रमुख हा कंत्राटावर नेमलेला निवृत्त अधिकारी असतो; डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्सिंग असिस्टंट सगळे कंत्राटी. मेट्रनचे पद तिथे नाही. परिचर्येत वरिष्ठ असे कोणतेच पद नाही. जखमेची पट्टी होते, पण ती जखम आठवड्यागणिक भरते आहे की नाही हे पाहणारी, आणि भरत नसेल तर पुण्याच्या मेट्रनला फोन करून तीस वर्षांचा अनुभव मागणारी व्यक्ती त्या रचनेत कुठेच बसवलेली नाही. घरी अंथरुणाला खिळलेला असेल तर दर दोन तासांचा गजर बायको लावते. तिला लाल डागावर बोट दाबायला कोणी शिकवलेले नसते.

हा दोष केवळ आपला नाही. अमेरिकेतील वॉल्टर रीड हे लष्करी रुग्णालय शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले होते. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दाखवून दिले की वॉर्डातून बाहेर पडलेले जखमी सैनिक शेजारच्या इमारत क्रमांक १८ मध्ये बुरशी लागलेल्या खोल्यांत महिनोन्‌महिने पडून होते आणि त्यांच्या कागदांचा पत्ता कोणालाच नव्हता. रुग्णालयाच्या प्रमुख मेजर जनरलला पद सोडावे लागले. वॉर्डात त्या सैनिकांची काळजी घ्यायला सिस्टर होत्या. वॉर्डाबाहेर ते कोणाचेच नव्हते.

माजी सैनिकांसाठी अमेरिकेत वेगळे खाते आणि वेगळी रुग्णालये आहेत. भारतात तशी वेगळी रुग्णालये नाहीत. त्या अमेरिकी खात्याच्या रुग्णालयांत परिचर्येची प्रमुख संचालक आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी यांच्याबरोबर वरिष्ठ मंडळात बसते. घरी जाऊन उपचार करणारी पथके आहेत, आणि कण्याची इजा असलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी देऊ केली जाते. शिकागोजवळ १ ऑक्टोबर २०१० पासून अंतराळवीर जेम्स लव्हेल यांच्या नावाचे केंद्र चालू आहे. तिथे नौदलाचे सेवेतले जवान आणि माजी सैनिक एकाच छपराखाली, एकाच व्यवस्थापनाखाली येतात. तिथल्या परिचर्या प्रमुखाच्या हाताखाली लष्करी आणि नागरी अशा दोन्ही परिचारिका असतात. याच खात्यात २०१४ साली फिनिक्सच्या रुग्णालयात प्रतीक्षायाद्या दडवल्याचे उघड झाले, तेव्हा सगळी रचना जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. घेण्याजोगी आहे ती एकच गोष्ट: परिचर्या प्रमुखाची हद्द रुग्णालयाच्या फाटकापाशी संपत नाही.

आपल्याकडे यासाठी नवे रुग्णालय बांधायची गरज नाही. कमांड हॉस्पिटलच्या प्रिन्सिपल मेट्रनच्या अखत्यारीत त्या विभागातील ईसीएचएस पॉलिक्लिनिकांची परिचर्या द्यावी. प्रत्येक पॉलिक्लिनिकात एक वरिष्ठ परिचारिका नेमावी आणि तिने कामासाठी कमांडंटच्या नव्हे, मेट्रनच्या शिस्तीत राहावे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून अल्प मुदतीनंतर किंवा निवृत्तीनंतर बाहेर पडलेल्या अधिकारी या जागांसाठी सर्वांत योग्य. त्या माजी सैनिक आहेत, हे आता न्यायालयानेच सांगितले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की लष्करी परिचर्या ही युद्धासाठी आहे, तिला गावोगावच्या जखमा बघायला लावले तर तिची धार जाईल. पण शांततेच्या काळात लष्करी रुग्णालयाच्या खाटांवर निवृत्त सैनिक आणि कुटुंबीयही असतातच. जखमेची आणि कण्याची परिचर्या शिकायला शिरोलीच्या चाळीतला रुग्ण खडकीतल्या रुग्णाइतकाच उपयोगी आहे. पैशाचा दुसरा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. शय्याव्रण खोल गेला, हाडाला संसर्ग झाला, मधुमेहाचा पाय कापावा लागला, तर पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयाचे बिल त्याच योजनेच्या पैशातून भरले जाते. तिसरा आक्षेप जास्त जड आहे: बदलीच्या नोकरीतली मेट्रन दोन-तीन वर्षांनी जाते, मग गावातला रुग्ण ती ओळखणार कधी? म्हणूनच पॉलिक्लिनिकातली परिचारिका स्थानिक हवी, कंत्राट दीर्घ मुदतीचे हवे, आणि रुग्णाची नोंदवही व्यक्तीजवळ न राहता पदाजवळ राहायला हवी.

ती नोंदवही कशी असावी, हे शिरोलीला पावसाळ्यात नीट कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर चढले आणि शिरोलीपाशी वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. शिरोली आणि कोल्हापूर शहर यांच्यामध्ये नदी आहे आणि पॉलिक्लिनिक पलीकडच्या काठावर आहे. म्हणून वहीत मे महिन्याअखेर प्रत्येक अंथरुणग्रस्त माजी सैनिकाचे नाव, नदीची कोणती बाजू, इन्सुलिनच्या किती कुप्या, लघवीच्या नळ्या किती आणि शेवटची कधी बदलली, माकडहाडावर डाग आहे की नाही, घरात कूस बदलायला कोण आणि ते किती जण, एवढे रकाने भरलेले असले पाहिजेत, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याची एक प्रत पुण्याला मेट्रनच्या टेबलावर.